माळ्यावरची मिरी

मिरीचा भाव काय चाललाय, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कुठला भाव? कोचीचा की व्हिएतनामचा? साफ केलेल्या मालाचा की शेतकऱ्याच्या गोणीतल्या मालाचा? समोरच्याला वाटतं, हा गडी टाळतोय. मसाल्याच्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात माझी नोकरी झाली आणि त्या नोकरीतला सगळ्यात जास्त वेळ या एका काळ्या दाण्यानं खाल्ला, त्यामुळे ही सवय जडली ती जडलीच.

हळद, धणे, जिरं यांची खरेदी त्या मानानं सरळ. पेरा किती झाला ते कळतं, पाऊस कसा पडला ते कळतं, बाजार समितीत आवक डोळ्यांसमोर होते. अंदाज फसला तरी वर्षभरात नवं पीक येतं आणि भाव ताळ्यावर येतात. मिरीची वेल मात्र लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरते, सातव्या-आठव्या वर्षी भरात येते आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं देत राहते. आज भाव चढला म्हणून ज्यानं वेल लावली, त्याचा माल बाजारात येईपर्यंत भाव कुठे गेलेला असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यात भर म्हणजे वाळवलेली मिरी टिकते. कांदेवाल्याला थांबता येत नाही. भाव पडला तरी चाळीतला कांदा सडायच्या आत त्याला काढावाच लागतो. मिरीवाला थांबतो. वर्ष, दोन वर्षं, प्रसंगी पाच वर्षंसुद्धा. जगातल्या मिरीच्या बाजाराचं सगळं विक्षिप्त वागणं या दोन गोष्टींतून निघतं असं माझं मत आहे. डॉलर, जहाजभाडं, चीनची मागणी हे सगळं त्याच्या वरचं.

मी कामाला लागलो तेव्हा मुंबईचा मसाला बाजार मशीद बंदरहून वाशीला येऊन स्थिरावत होता. जिऱ्या-मिरचीचे सौदे गाळ्यावरच्या गादीवर बसून व्हायचे, पण मिरीचं बोलणं निघालं की शेठलोक फोनकडे बघायचे. सकाळी कोचीहून भाव आल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. कोचीच्या मट्टनचेरीत, ज्यू टाउनच्या त्या अरुंद रस्त्यावर, इंडिया पेप्पर अँड स्पाइस ट्रेड असोसिएशन या संस्थेत १९५७ पासून मिरीचा वायदा चालत आला होता. रिंगणात उभं राहून ओरडून सौदे व्हायचे. १९९७ मध्ये तिथे मिरीचा आंतरराष्ट्रीय वायदाही सुरू झाला. त्या वेळी तिथल्या व्यापाऱ्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता. मलबारची मिरी ही जगातली पहिली मिरी आणि कोचीचा भाव हाच जगाचा भाव, अशी त्यांची ठाम समजूत होती. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी बघता बघता खोटी ठरायची होती.

मिरी विकत घेणं म्हणजे काय, हे मी शिकलो ते मट्टनचेरीच्या गोदामात. आमचा दलाल माझ्याहून वयानं बराच मोठा. मी त्याला ‘चेट्टा’ म्हणायचो, तो मला ‘सार’. गोणीत नळी खुपसून तो वरचा, मधला आणि तळाचा असा तीन जागचा नमुना काढायचा. मग एक लिटरचं मापाचं भांडं पुढे यायचं. त्यात मिरी वरून अलगद सोडायची, भांड्याला धक्का लावायचा नाही, हलवून बसवायचं तर मुळीच नाही. वर आलेली रास पट्टीनं कापायची आणि भांड्यातला माल तोलायचा. ५५० ग्रॅम भरला तर दाणा भरलेला, पक्व. ५०० भरला तर हलका. त्याखाली गेला तर घोस कोवळे असतानाच कुणी तरी घाईनं उतरवलेत हे समजायचं. व्हिएतनामची मिरी जगभर मुख्यतः ५०० आणि ५५० ग्रॅम या आकड्यांनी विकली जाते, नावगावाचा फारसा प्रश्न येत नाही.

चेट्टा वजन लिहून घ्यायचा, पण त्याचा खरा विश्वास दातांवर. दाणा दाढेखाली धरून फोडायचा. कट्कन दोन तुकडे झाले तर वाळलेला, चेपला तर ओला. “सार, वजन सगळेच बघतात, ओल बघा,” हे त्याचं पालुपद होतं. त्याचा हिशेब चोख होता. ओल एका टक्क्यानं जास्त असली तर टनामागे दहा किलो पाणी आपण मिरीच्या भावानं घेतो; सहाशे रुपये किलोच्या दिवसांत दहा टनांच्या ट्रकमागे हे साठ हजार रुपये झाले. त्यामुळे रात्री गोदामात गोणींवर पाणी मारणारे महाभागही असतात आणि ते पाणी दातानं ओळखणारे चेट्टेही असतात.

इथे एक गोष्ट मनात राहिलेली सांगून टाकतो. तेल्लिचेरी म्हणून जी मिरी परदेशात मानानं विकली जाते, तिचा मान आहे चाळणीत. सव्वाचार मिलिमीटरच्या वरचा दाणा एक्स्ट्रा बोल्ड, पावणेपाचच्या वरचा स्पेशल एक्स्ट्रा बोल्ड. जेवणाच्या टेबलावर दळणी फिरवून ताजी मिरी घालणाऱ्या गोऱ्या माणसासाठी ती ठीक आहे. गरम मसाल्यात दळून घालायला टपोरा दाणा घेणं हा पैशाचा चुराडा. तिखटपणा दाण्याच्या आकारावर नसतो. श्रीलंकेची मिरी बघायला सामान्य, वजनाला हलकी, पण तिखटपणात भल्याभल्यांना मागे टाकते आणि अर्क काढणारे कारखाने तीच शोधत असतात. आमच्या कंपनीच्या जाहिरातीत मात्र टपोऱ्या दाण्यांचाच फोटो असायचा. असो.

खरेदीच्या निमित्तानं इडुक्कीच्या डोंगरात, कट्टप्पनाच्या आसपासच्या गावांत माझं जाणं व्हायचं. दलालामार्फत माल मिळत असताना शेतकऱ्याकडे कशाला जायचं, असं हिशेब खातं दरवेळी विचारायचं. मी जायचो ते माळे बघायला. तिथल्या एका घरी घरधन्यानं काळी कॉफी झाल्यावर मला लाकडी शिडीवरून माळ्यावर नेलं. कौलांखाली उष्ण, कोरडी हवा, मिरीचा नाकाला झोंबणारा वास, आणि भिंतीशी लावून ठेवलेल्या गोणी. त्यानं एकेकीवर थाप मारत ओळख करून दिली. ही यंदाची, ही गेल्या सालची, त्या कोपऱ्यातल्या दोन त्याच्याही आधीच्या सालच्या. विकणार कधी? थोरली नर्सिंगला बंगळूरला होती, तिची फी भरायच्या वेळी दोन गोणी निघायच्या. धाकटीचं लग्न ठरलं की दहा. भाव कितीही चढला तरी गरजेपुरतीच काढायची, बाकीची तिथेच. बँकेत ठेवलेल्या पैशाला व्याज मिळतं हे त्याला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की बँकेतला पैसा हाताशी असला की खर्च होतो, माळ्यावरची मिरी होत नाही.

आता असे लाखभर माळे डोळ्यांसमोर आणा. त्यांवर किती मिरी आहे हे स्पाइसेस बोर्डाला कळत नाही, व्यापाऱ्याला कळत नाही, शेजाऱ्याला तर मुळीच कळत नाही. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर पिकाचे अंदाज निघतात. सरकारी आकडा एक, व्यापाऱ्यांचा दुसरा, निर्यातदारांचा तिसरा, आणि ज्याला जो सोयीचा तो आकडा तो मिरवतो. खरेदीला बसलेला माणूस टंचाई आहे म्हणून भाव चढवून घेतो आणि नेमक्या त्याच भावाला माळ्यांची दारं उघडतात.

लंडनमध्ये १९३५ साली हेच झालं. गाराबेद बिशिरगियन नावाच्या व्यापाऱ्यानं आणि त्याच्या साथीदारांनी बाजारातली मिरी, मुख्यतः पांढरी, उचलून जगाला कोंडीत पकडायचा डाव टाकला. भाव चढले. पण चढलेल्या भावानं पूर्वेकडून माल येतच राहिला, शिवाय काळ्या मिरीची साल काढून पांढरी करता येते ही साधी गोष्ट सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत होती. त्या वर्षी फेब्रुवारीत जेम्स अँड शेक्सपिअर ही पेढी बुडाली, बँका हादरल्या आणि पुढच्या साली बिशिरगियनला तुरुंग पाहावा लागला. मिरी कोंडायला निघालेल्या प्रत्येक शेठला मी ही गोष्ट सांगत आलो. ऐकून सगळे हसतात आणि खरेदी करतात ती करतातच.

१९९९ च्या सुमारास कोचीत मिरीनं किलोला दोनशेची पायरी ओलांडली होती. इडुक्की-वायनाडमध्ये त्या दोन-तीन वर्षांत पक्की घरं उठली, जीपगाड्या आल्या. आणि मग घसरण सुरू झाली ती थांबेना. दीडशे, शंभर, ऐंशी. २००३ ते २००५ या काळात भाव सत्तर-पंच्याहत्तरच्या घरात रेंगाळत होता. आमचे मालक म्हणाले, “या भावात मिरी म्हणजे फुकट, गोदामं भरा.” आम्ही भरली.

त्या मंदीचं कारण केरळात कुणाला दिसत नव्हतं, कारण ते केरळात नव्हतं. १९९० च्या आधी मिरीच्या व्यापारात व्हिएतनामचं नाव क्वचितच निघायचं. नव्वदीत तिथल्या मध्य पठारावर आणि आग्नेय भागात शेतकऱ्यांनी जंगलतोडीच्या लाल जमिनीवर मिरी लावायला घेतली. खांब रोवून, खत-पाणी देऊन, निव्वळ मिरीची शेतं. आपल्याकडे मिरवेल पांगाऱ्यावर, सुपारीवर, कॉफीच्या सावलीतल्या झाडांवर चढवतात आणि हेक्टरी सरासरी तीन-चारशे किलोवर समाधान मानतात. तिथे दोन टनांच्या पुढे निघायला लागली. नवं शतक उजाडलं तेव्हा व्हिएतनामनं निर्यातीत भारताला मागे टाकलेलं होतं, आणि चार-पाच वर्षांत त्यांची वर्षाची निर्यात लाखभर टनांच्या वर गेली. घरी खाणारे थोडे, पिकवलं ते सगळं विकायचं. कोची भाव ठरवत होती ती जगाला दुसरीकडून माल मिळत नव्हता म्हणून. तो मिळायला लागल्यावर रिंगणातल्या ओरड्याचा आवाज रिंगणापुरताच उरला.

वायनाडला त्याच वर्षांत दुहेरी मार बसला. फायटोफ्थोरा बुरशीनं मुळं कुजून हिरवीगार वेल आठवड्या-पंधरवड्यात वाळून जायची. तिच्या जोडीला पांगाऱ्यावर गाठी आणणारा एक बारीक कीटक आला आणि वेलींचा आधारच मरायला लागला. मिरी सत्तर रुपये, बँकेचं कर्ज दोनशेच्या भावाच्या भरवशावर काढलेलं. त्या वर्षांतल्या वायनाडच्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या विदर्भातल्या बातम्यांच्या शेजारी छापून यायच्या. ज्या मिरीनं आम्ही गोदामं भरली ती तिथून आलेली होती, हे मालकांना मी एकदा बोलून दाखवलं. ते गप्प बसले. खरेदी थांबली नाही, ती थांबवून वायनाडचं भलंही झालं नसतं.

२००४ पासून मिरीचा वायदा संगणकावर आला. मट्टनचेरीची मक्तेदारी संपली. राजकोटमध्ये, इंदुरात, दिल्लीत बसून ज्यांनी मिरीची वेल कधी पाहिली नाही ते मिरी घेऊ-विकू लागले. मला त्याचा राग नाही. वायद्याचा उपयोग खरेदीवाल्याला होतो, पुढच्या तीन महिन्यांचा भाव आज बांधून टाकता येतो. राग येतो तो मालाऐवजी हातात पडणाऱ्या गोदामाच्या पावतीचा. पावतीवर ओल लिहिलेली, वजन लिहिलेलं, प्रत लिहिलेली. दाढेखाली धरून बघायची सोय कुठे?

डिसेंबर २०१२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वायदे बाजाराच्या कोचीतल्या गोदामांतली सहा हजार टनांहून जास्त मिरी सील केली. दाण्यांवर खनिज तेल चोपडल्याची तक्रार होती. मिरीवर तेलाचा हात फिरवला की ती काळीभोर, चकचकीत दिसते, पावसाळ्यात बुरशी धरत नाही. पूर्वापार चालत आलेली लबाडी. फरक इतकाच, की ती आता एका जागी, एका यादीत, पावत्यांसकट सापडली. तेवढा माल बाजारातून उठला. माल धुवायचा, जाळायचा की सोडायचा यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१३ मध्ये मिरीचा वायदाही थंडावला. आमच्या खरेदीच्या करारात ‘खनिज तेल नसावे’ ही ओळ तेव्हापासून आली, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय ट्रक खाली करायचा नाही असा नियम मी घालून घेतला. चेट्टाला हे फारसं रुचलं नाही. तेल लावलेली मिरी आपल्याला बोटांना कळते, कागद कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बोटांवर माझा विश्वास होता, पण ती बोटं अहवालाला जोडून लेखापरीक्षकाला दाखवता येत नव्हती.

तेजी मात्र याच्या आधीच सुरू झाली होती. २०११ मध्ये भावानं तीनशे गाठले, २०१४ च्या पावसाळ्यानंतर सातशेच्या आसपास गेला. जागतिक बाजारात २०१५ मध्ये टनाला दहा हजार डॉलरच्या जवळपासचे सौदे होत होते. या तेजीचं मूळ दहा वर्षांपूर्वीच्या मंदीत होतं. सत्तर रुपयांच्या काळात कुणी नवी वेल लावली नव्हती, असलेल्यांना खत घातलं नव्हतं, मेलेल्यांच्या जागी दुसरी लावली नव्हती. त्या न लावलेल्या वेलींची मिरी आता बाजारात येत नव्हती. आमच्या दफ्तरात या तेजीची कारणं म्हणून पाऊस, डॉलर आणि सट्टेबाज अशी तीन लिहिलेली सापडतील. महिन्याच्या अहवालात ‘दहा वर्षांपूर्वी न लावलेल्या वेली’ असं कोण लिहितो?

आणि तेजीत लोकांनी जे करायचं तेच केलं. व्हिएतनाम सरकारच्या आराखड्यात मिरीखाली ५० हजार हेक्टर ठेवायचे होते. २०१७ पर्यंत दीड लाख हेक्टरांवर मिरी उभी होती. ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात, कंबोडियात, आपल्या कोडगू-चिकमगळूर-हासनच्या कॉफीमळ्यांत नव्या वेली चढल्या. कर्नाटकानं तर उत्पादनात केरळलाच मागे टाकलं. आणि भाव उतरणीला लागला.

या उतरणीच्या काळात, २०१८ च्या सुमारास, मसाल्याच्या धंद्यातल्या काही खरेदीवाल्यांबरोबर मी व्हिएतनामला गेलो. हो ची मिन्ह शहरातली निर्यातदारांची कार्यालयं, यंत्रानं साफ होणारी, वाफेनं निर्जंतुक होणारी मिरी हे सगळं पाहण्यासारखं होतं, पण ते कुठल्याही चांगल्या कारखान्यात दिसतं. मला जायचं होतं ते चू से भागात, जिथून हा सगळा पूर आला तिथे. प्लेइकूहून मोटारीनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांची शेतं होती, खांबांवर वेली होत्या आणि पुष्कळ वेली मेलेल्या होत्या. वाळक्या दोऱ्यांसारख्या त्या खांबांना चिकटून राहिल्या होत्या. एका शेतात आम्ही थांबलो. शेतकरी पन्नाशीचा, बरोबर बायको, पायात प्लास्टिकच्या चपला. दुभाषी मुलगी होती. जास्त पावसात पाणी तुंबलं, मुळं कुजली, दोन हंगामांत निम्मं शेत गेलं असं त्यानं सांगितलं. कर्ज बँकेचं आणि बँकेबाहेरचंही. मुलगा आणि सून बिन्ह युओंगच्या कारखान्यात कामाला गेलेले. लाकडी खांब तो उपटून विकत होता. मिरीपेक्षा त्यांना गिऱ्हाईक लवकर मिळत होतं.

मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे काय भाव? मी सांगितलं, साडेतीनशे रुपये. दुभाषी मुलीनं मोबाइलवर हिशेब केला आणि त्याला त्यांच्या चलनात, डोंगमध्ये, सांगितला. लाखाच्या वर. त्याला गावात किलोला पन्नास-साठ हजार डोंग मिळत होते. त्यानं तिला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. तो बायकोकडे बघून काही तरी म्हणाला, मुलीनं ते भाषांतर करायचं टाळलं. आम्ही खोटं बोलतोय असं त्याला वाटलं असणार.

आम्ही खोटं बोलत नव्हतो. भारतात मिरीच्या आयातीवर मूळ ७० टक्के जकात आहे. आसियान करारानं ती व्हिएतनामपुरती थोडी उतरली, तरी भिंत मोठीच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यावर आणखी एक थर चढवला. किलोला ५०० रुपयांपेक्षा कमी किमतीची मिरी देशात आणायची नाही. मजा अशी, की तेव्हा खुद्द कोचीचा भाव पाचशेच्या खाली होता आणि हुकुमानंतरही तो खालीच जात राहिला, तीनशेच्या घरात पोचला. श्रीलंकेशी मुक्त व्यापाराचा करार असल्यानं व्हिएतनामची मिरी श्रीलंकेचे कागद लावून येते, अशी केरळ-कर्नाटकातल्या उत्पादकांची ओरड होती. कागदावर पाचशे दाखवून मधला फरक दुसऱ्या वाटेनं फिरवतात, असंही बाजारात उघड बोललं जायचं. ही भिंत असावी, असंच माझं मत आहे. ती नसती तर इडुक्कीचे माळे केव्हाच रिकामे झाले असते. पण भिंतीच्या आतला भाव बाहेरच्या भावापासून कायमचा सुटा राहील, असं उत्पादकांच्या पुढाऱ्यांनी शेतकऱ्याला सांगू नये. फट सापडतेच. बाहेर पन्नास हजार डोंग आणि आत लाखाच्या वर असा फरक असेल तर फट शोधायला माणसं कमी पडत नाहीत.

२०२० च्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये मिरी ३५ हजार डोंगांपर्यंत उतरली, निर्यातीचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास. पाच वर्षांपूर्वीचा जवळजवळ पंचमांश. चू सेच्या त्या शेतकऱ्यासारख्या हजारोंनी तेव्हा मिरी उपटून ड्युरियन नावाचं उग्र वासाचं फळ लावलं, कुणी कॉफी लावली. ड्युरियनला चीनचं गिऱ्हाईक मिळालं, कॉफीचे भाव वाढले, आणि मिरीचं उत्पादन खाली आलं. जून २०२४ मध्ये तिथला भाव १ लाख ८० हजार डोंगांना जाऊन टेकला. त्या वर्षी व्हिएतनामनं अडीच लाख टन मिरी निर्यात केली, आदल्या वर्षीपेक्षा कमी. पैसे मात्र १३० कोटी डॉलर, सुमारे पंचेचाळीस टक्के जास्त मिळाले. आणि एक मोठा बदल झाला. ज्या शेतकऱ्याला कॉफीचे आणि ड्युरियनचे पैसे हातात आले त्याला मिरी लगेच विकायची गरज उरली नाही. इडुक्कीचा माळा आता व्हिएतनामच्या डाक लाकमध्येही तयार झाला. आयातदारांचे निरोप येतात, हंगाम संपला तरी माल बाहेर का पडत नाही? मला ते कोडं वाटत नाही.

कोचीत त्यानंतर भाव पुन्हा सातशेच्या आसपास पोचला आणि वर्तमानपत्रांत ‘काळ्या सोन्याला झळाळी’चे मथळे आले. झळाळी वगैरे ठीक आहे, पण १९९९ चे दोनशे रुपये महागाईच्या हिशेबानं आज सातशेहून चांगलेच जास्त भरतात. त्या साली दहा किलो मिरीत जे येत होतं ते आज दहा किलोत येत नाही. मथळा लिहिणाऱ्यानं एवढा गुणाकार करायला हरकत नव्हती.

सावंतवाडी-दोडामार्गकडचे नातेवाईक, ओळखीचे आता मला फोन करतात. “काका, मिरीला भाव आलाय, लावू काय?” मी सांगतो ते असं. पोफळी आणि माड आधीच उभे असतील तर त्यांच्यावर मिरवेल जरूर चढवा, वेगळी जमीन लागत नाही आणि सुपारीचं पाणी तिलाही मिळतं. पन्नियूर-१ ही जगातली पहिली संकरित मिरी, केरळच्या संशोधन केंद्रातून १९७१ मध्ये आलेली, उत्पन्नाला चांगली. पण दाट सावलीत ती रुसते, तिथे करीमुंडा बरी. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रण चुकवू नका. निव्वळ मिरीसाठी खांब रोवून, कर्ज काढून लावणार असाल तर लावू नका; तुमची वेल भरात येईल त्या साली हा भाव असणार नाही. घोसात एक-दोन दाणे लाल झाले की मगच उतरवा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून कडक उन्हात वाळवा, ओल अकरा टक्क्यांवर नको. तेलाचा हात चुकूनही लावू नका. आणि पहिल्या पिकातली निम्मी मिरी कोरड्या माळ्यावर ठेवा. ती विकायची घाई तुम्हाला नसली म्हणजे झालं, दलाल आपणहून दारात येतो.